प्रोग्रेसिव्ह ट्रान्सच्या कंपाइलेशनवरून पहिला एक तासाचा सेट: मराठवाड्यातल्या नव्या डीजेंसाठी

आपल्याकडे डीजे म्हटलं की ट्रकवर रचलेले बेस-टॉप आणि वरातीपुढे नाचणारी पोरं डोळ्यांसमोर येतात. त्या कामात आपले साऊंडवाले पटाईत आहेत, त्यात वाद नाही. पण लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या हॉस्टेलांवर असेही कितीतरी जण आहेत, ज्यांच्या हेडफोनमध्ये रात्री प्रोग्रेसिव्ह ट्रान्स (हळूहळू चढत जाणारं, नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) चालू असतो. ते एकदा तरी मोठ्या स्पीकरवर, माणसांसमोर वाजवावं असं त्यांना मनापासून वाटतं. सुरुवात कुठून करायची हे सांगणारं मात्र जवळपास कुणी नसतं. मी या सगळ्यातून गेलोय, म्हणून ओळीने लिहितोय.

आधी एक घोळ मिटवू. गोव्याच्या पार्ट्यांमुळे आपल्याकडे 'ट्रान्स' म्हणजे सायट्रान्स असा समज आहे. सायट्रान्स साधारण १४० बीपीएमच्या (बीपीएम म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके) आसपास किंवा त्याहून वर धावतो आणि त्याचा बेस अखंड घरघरत राहतो. ट्रान्स १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत आकाराला आला. त्याची प्रोग्रेसिव्ह शाखा १२८ ते १३४ च्या दरम्यान रमते. तिच्यात किक (ड्रमचा जाड ठोका) सरळ चार ठोक्यांची असते, बेस ठोक्यांच्या मधे बसतो, आणि सूर थरावर थर चढत येतात. एक गाणं सात-आठ मिनिटांचं असतं आणि त्याला कसलीही घाई नसते. कार्यक्रम ठरवणाऱ्या पोरांना हा फरक आधीच ऐकवून ठेवा. नाहीतर त्यांना सायट्रान्स हवा असतो आणि तुम्ही वेगळंच काही घेऊन उभे राहता.

जवळ काय काय हवं

- लॅपटॉप आणि डीजे सॉफ्टवेअर (रेकॉर्डबॉक्स किंवा सेराटो)
- दोन चॅनलचा साधा कंट्रोलर, म्हणजे गाणी चालवायची आणि मिसळायची बटणांची पेटी. डीडीजे-एफएलएक्स४ सारखा लॅपटॉपच्याच यूएसबीवर चालणारा असेल तर उत्तम, कारण आपल्याकडे लाईट जाते
- कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन. ब्लूटूथचा नको, आवाज उशिरा पोहोचतो
- एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेले दोन पेनड्राइव्ह, दोन्हीत तीच गाणी
- आरसीए केबलची जोडी, आणि साऊंडवाल्याच्या मिक्सरला लागणारे कनेक्टर
- कानात घालायचे इअरप्लग
- एक वही

कंट्रोलर महागडा घेऊ नका. पैसे उरले तर गाण्यांवर घाला.

१. एक कंपाइलेशन निवडा आणि तेच ऐकत राहा

नवख्यांकडे हजारो गाणी असतात आणि त्यातलं एकही नीट ऐकलेलं नसतं. उलट करा. एका डीजेने सलग मिक्स केलेलं एकच कंपाइलेशन (गाण्यांचा संग्रह) महिनाभर ऐका.

कोणतं घ्यायचं? साशा आणि जॉन डिगवीड या डीजेंचं १९९६ चं 'नॉर्दर्न एक्सपोजर' संथ सुरुवात कशी करायची हे शिकवतं. टिएस्टोने १९९९ मध्ये सुरू केलेल्या 'इन सर्च ऑफ सनराइज' मालिकेचे पहिले सात भाग त्यानेच मिक्स केले आहेत. त्यात सूर आणि गायन जास्त आहे, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते चटकन धरून ठेवतं. आर्मिन व्हॅन ब्यूरेनचा 'अ स्टेट ऑफ ट्रान्स' हा रेडिओ कार्यक्रम २००१ पासून चालू आहे. त्याच नावाने दरवर्षी निघणाऱ्या कंपाइलेशनच्या बऱ्याच भागांत दोन डिस्क आहेत, एक 'ऑन द बीच' आणि दुसरी 'इन द क्लब'. नव्या माणसाला मी हाच संच सुचवतो. पहिली डिस्क हळुवार, प्रोग्रेसिव्ह वळणाची, दुसरी चढी. दोन्ही एकापाठोपाठ ऐकल्या की एकच माणूस दोन वेगळ्या वेळांसाठी गाणी कशी निवडतो ते कानांनाच कळतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ही कंपाइलेशनं सीडीच्या मापाने बांधलेली आहेत, म्हणजे एका डिस्कवर जास्तीत जास्त ऐंशी मिनिटांच्या आसपास. तेवढ्यात सुरुवात, चढ, माथा आणि उतार बसवायचा असतो. तुमच्या वाट्याला येणारा तासाभराचा वेळ या मापाच्या जवळच आहे.

शफल बंद ठेवा. प्रवासात ऐका. लातूरहून संभाजीनगरला जाताना एसटीत अख्खं कंपाइलेशन संपून दुसऱ्यांदा सुरू होतं.

२. वहीत नकाशा काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग वर्षभर अडखळत राहतात. इथे वेळ द्या.

गाणं १२८ बीपीएमचं असेल तर ३२ ठोके बरोबर १५ सेकंदांत होतात आणि ६४ ठोके ३० सेकंदांत. ट्रान्समध्ये जे काही बदलतं ते बहुधा या हद्दींवर बदलतं. घड्याळ समोर ठेवा आणि दर तीस सेकंदांनी काय आलं, काय गेलं ते लिहा. एका गाण्याचं माझं पान साधारण असं दिसतं:

०.०० फक्त किक. ०.३० हाय-हॅट (बारीक झांज). १.०० बेस आला. १.३० मागे लांब सूर, अजून दबलेला. २.०० मुख्य सुरावटीचे दोनच स्वर. २.३० तेच दोन, फिल्टर (आवाज दाबून धरणारी चाळणी) थोडा उघडला. ३.०० किक गेली, ब्रेकडाऊन (ठोका थांबून सूर उरतात तो भाग). ३.३० सुरावट पहिल्यांदा पूर्ण. ४.०० टाळीसारखा ड्रमचा आवाज दाट होत गेला. ४.३० किक परत, सगळं एकत्र. ५.३० सुरावट गेली. ६.०० बेस गेला. ६.३० फक्त किक आणि हॅट.

आता हे पान पुन्हा वाचा. नाचणाऱ्याला उचलून धरणारी सुरावट साडेतीन मिनिटांपर्यंत पूर्ण ऐकूच येत नाही. दोन मिनिटांवर तिचे दोन स्वर कानावर टाकून ठेवलेले असतात. ऐकणाऱ्याला ते ओळखीचे होतात, पण पुरे मिळत नाहीत. किक निघून जाते तेव्हा पाय थांबतात आणि लक्ष सगळं सुरावटीकडे जातं. साडेचार मिनिटांवर किक परत येते तेव्हा अंगाला तिची वाट पाहायची सवय लागलेली असते. फ्लोअरवर, म्हणजे नाचायच्या जागेत, जो एकदम जल्लोष होतो, तो त्याआधीच्या चार मिनिटांनी कमावलेला असतो. तुळजापूरच्या बाजूला रात्रीचा गोंधळ बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. आधी गण, मग देवतांना आवतन, मग आख्यान, आणि संबळ रात्रीबरोबर चढत जातो.

अशी कंपाइलेशनमधल्या प्रत्येक गाण्याची पानं काढा. मग दोन गाण्यांच्या मधल्या जागा ऐका. जुन्या गाण्याचा बेस कुठे सोडला, नव्याचा कुठे घेतला? जुन्याचा सूर किती वेळ वर तरंगत ठेवला? ब्रेकडाऊन लागोपाठ दोन गाण्यांत आले का? जाणत्या माणसाने मिक्स केलेल्या डिस्कवर दोन लांब ब्रेकडाऊन एकमेकांना चिकटलेले क्वचितच सापडतील. फ्लोअरवर माणसं एकदा थांबतात. लगेच दुसऱ्यांदा थांबवलं तर ती पाणी प्यायला जातात.

३. गाणी विकत घ्या, आणि एक्स्टेंडेडच घ्या

सलग मिक्स केलेल्या कंपाइलेशनचे तुकडे तुमच्या कामाचे नाहीत. त्यात प्रत्येक गाण्याच्या टोकाला शेजारचं गाणं मिसळलेलं असतं. ट्रॅकलिस्ट घ्या आणि त्यातली आवडलेली गाणी बीटपोर्ट किंवा बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर सुटी शोधा. नावापुढे 'एक्स्टेंडेड मिक्स' किंवा 'ओरिजिनल मिक्स' असेल तेच घ्या. तीन-साडेतीन मिनिटांचा रेडिओ एडिट ऐकायला ठीक, पण त्याला जोडायला पुढेमागे मोकळे ठोकेच नसतात.

फाइल ३२० केबीपीएस एमपी३ पुरेशी आहे. सात मिनिटांचं गाणं साधारण १७ एमबी होतं. डब्ल्यूएव्ही घेतलं तर तेच ७० एमबीच्या आसपास जातं. व्हिडिओवरून उतरवलेली गाणी वापरू नका. हेडफोनवर फरक जाणवत नाही, पण लॉन्सवरच्या मोठ्या सेटअपवर झांजा चिरकतात आणि बेस मऊ पडतो.

पहिल्या सेटसाठी पंचवीस गाणी भरपूर झाली. तासाभरात त्यातली दहा-बारा वाजतील.

४. फाइल्सची मांडणी

सॉफ्टवेअर बीपीएम आणि स्वरपट्टी आपोआप काढतं. बीपीएम बहुधा बरोबर येतो, तरी पहिला ठोका ग्रिडवर (सॉफ्टवेअरने ठोक्यांसाठी आखलेल्या रेघांवर) नीट बसलाय का ते प्रत्येक गाण्यात डोळ्यांनी बघा. स्वरपट्टीसाठी कॅमेलॉट पद्धत लावा, म्हणजे प्रत्येक पट्टीला एक आकडा आणि एक अक्षर. त्यात ८ए च्या गाण्याला ७ए, ९ए, ८बी किंवा पुन्हा ८ए जुळतं. ट्रान्समध्ये लांब सूर मिनिटभर एकमेकांवर राहतात, म्हणून पट्टी चुकली की ऐकणाऱ्याला संगीत येत नसलं तरी खटकतं. पण पट्टीच्या आहारी जाऊन भलतं गाणं निवडू नका. शंका आली तर नुसत्या किक-हॅटच्या भागात जोडा, तिथे पट्टीचा प्रश्नच येत नाही.

प्रत्येक गाण्यात चार खुणा लावा: पहिला ठोका, बेस येतो ती जागा, ब्रेकडाऊन, आणि बाहेर पडायची जागा. नकाशाची पानं इथे कामाला येतात.

५. दोन गाणी जोडणं

सरावाला हीच कृती रोज करा. पहिलं गाणं सुरावट सोडून उतरायला लागलं की, ६४ ठोक्यांच्या हद्दीवर, दुसरं पहिल्या ठोक्यापासून सुरू करा. दुसऱ्याचा लो (बेसचं बटण) पूर्ण खाली. फेडर (आवाजाची सरकती पट्टी) अर्ध्या मिनिटात हळूहळू वर. पुढच्या हद्दीवर एका हाताने पहिल्याचा लो खाली आणि त्याच क्षणी दुसऱ्याचा लो वर. दोन बेस एकत्र वाजले की आवाज गढूळ होतो आणि ठोका हरवतो. मग पहिल्या गाण्याचा वरचा सूर आणखी तीस सेकंद राहू द्या आणि सावकाश काढा.

दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं सिंक बटण वापरायचं की नाही यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत सांगतो: वापरा, पण रोज थोडा वेळ सिंक बंद करून कानाने जुळवा. साऊंडवाल्याचा प्लेअर जुना निघाला किंवा ग्रिड सरकलेली निघाली, तर त्या रात्री कानच उपयोगी पडतो.

वेग बदलताना की-लॉक (पट्टी तीच ठेवणारी सोय) चालू ठेवा. सूर मोकळा वाजत असताना वेग ओढू नका. किक-हॅटच्या भागात अर्धा-अर्धा बीपीएम चढवला तर कुणाला कळतही नाही.

६. तासाभराचा क्रम

आपल्याकडे पहिली संधी बहुधा कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा फ्रेशर्सला मिळते. फिशपाँड झाले, बक्षिसं वाटून झाली, अर्धी खुर्च्यांवर, अर्धी गेटपाशी, अशी पोरं असताना तुम्हाला सुरू करायला सांगतात. हे लक्षात घेऊनच क्रम लावा.

पहिली पंधरा मिनिटं १२६ ते १२८. बेस गोल, सूर कमी. ही गाणी नाचायला लावण्यासाठी नसतात. लोक बोलतायत, उठतायत, त्यांच्या पायाला ठोका लागू द्या. या वेळेत तुमचं सर्वांत गाजलेलं गाणं वाजवून टाकलं तर समोर वीस जण असतात आणि ते गाणं संपून जातं.

पुढची वीस मिनिटं १२८ ते १३०. इथे पहिला मोठा ब्रेकडाऊन द्या, शक्यतो गायन असलेला. शब्द इंग्रजी असले तरी माणसाचा आवाज ऐकला की ट्रान्सची सवय नसलेली मंडळी जवळ येतात.

मग पंधरा मिनिटं १३२. हा माथा. तीनच गाणी, पण नकाशावरून निवडलेली. ब्रेकडाऊन लांब, सुरावट साधी, दुसऱ्यांदा आली तर गुणगुणता यावी अशी. शेवटची दहा मिनिटं ऊन उतरल्यासारखी सोडा. वेग तोच, थर कमी.

'हिंदी लाव' अशी मागणी येणार. नाराज होऊ नका. मी अशा वेळी हलगीवाल्याला बोलावतो. ब्रेकडाऊनमध्ये किक नसते, तिथे त्याला मोकळं वाजवू द्यायचं आणि किक परत यायच्या आठ ठोके आधी हाताने खूण करून थांबवायचं. त्याच्या शेजारी एक मॉनिटर स्पीकर हवाच, नाहीतर त्याला तुमचा ठोका ऐकू येत नाही आणि लय फाटते. हलगीची कडकड थांबून किक पडते तेव्हा 'हिंदी लाव' म्हणणारेच सगळ्यात पुढे असतात.

७. परवानग्या आणि कागदपत्रं

ही जबाबदारी आयोजकाची असते, पण प्रती तुमच्याजवळही ठेवा.

- ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी. अर्ज पोलीस ठाण्यात द्या. त्यात तारीख, वेळ, जागा आणि स्पीकरची माहिती हवी
- जागामालकाचं किंवा कॉलेजचं पत्र
- आयोजकाचं आणि तुमचं ओळखपत्र
- गाणी वाजवण्याचा परवाना: रेकॉर्डिंगसाठी पीपीएल, शब्द आणि संगीतासाठी आयपीआरएस या संस्थांकडून
- विकत घेतलेल्या गाण्यांच्या पावत्या

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. त्यानुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकार वर्षातल्या ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमचा दिवस त्यात आहे असं धरून चालू नका. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, व्यापारी भागात ६५. शाळा, कॉलेज, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. गॅदरिंग कॉलेजच्याच मैदानावर असेल तर हे आधी विचारून घ्या.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नसमारंभ आणि वरातीला सूट आहे. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात, प्रेक्षक फक्त विद्यार्थी, कर्मचारी आणि पालक असतील तर त्यासाठीही तरतूद आहे. बाहेरच्यांना प्रवेश दिला किंवा तिकीट लावलं की या सवलतीवर विसंबू नका, परवाना घ्या. तिकिटाच्या कार्यक्रमाला आणखी कोणत्या परवानग्या लागतील ते पोलीस ठाण्यात आणि नगरपालिकेत अगोदरच विचारा.

८. साऊंडवाल्यांशी बोला

सगळा अभ्यास इथे तरतो किंवा बुडतो. दुपारीच जा, उन्हं असली तरी. साऊंडवाल्या दादांना नावाने हाक मारा, चहा घ्या, मग कामाचं बोला.

त्यांचा सेट वरातीसाठी लावलेला असतो: बेस वर, टॉप वर, मधला भाग खाली. हलगीला आणि ढोलाला ते शोभतं. ट्रान्सची सुरावट मात्र नेमकी त्या मधल्या भागात असते. तसंच ठेवलं तर लोकांना धप-धप आणि चिस-चिस एवढंच ऐकू जातं. मिक्सरच्या तिन्ही ईक्यू (बेस, मधला भाग आणि टॉप यांची बटणं) मध्यावर आणायला सांगा.

"बेस कमी केल्यावर पोरं नाचतेत का, भाऊ?" हा प्रश्न हमखास येतो. वाद घालू नका. ब्रेकडाऊनचा भाग लावा, दादांना घेऊन लॉन्सच्या मधोमध जा, आणि आधी त्यांची सेटिंग, मग सपाट सेटिंग ऐकवा. त्यांचे कान तुमच्याहून तयार आहेत. एकदा ऐकलं की पुढचं तेच सांभाळतात.

आणखी तीन गोष्टी तपासा. डावी-उजवी दोन्ही केबल लागल्यात का? एकच लागली असेल तर दुसऱ्या बाजूला ठेवलेले सूर गायब होतात. दोन्ही लावणं जमत नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये मोनो करा. तुमचा मास्टर (कंट्रोलरचा मुख्य आवाज) लाल दिव्यापर्यंत जातोय का? जात असेल तर खाली आणा आणि आवाज त्यांच्या अँपलीवर वाढवून घ्या. आणि तुमच्या बाजूला एक स्पीकर आहे का? मुख्य स्पीकर दूर असले की आवाज उशिरा पोहोचतो आणि जुळवलेला ठोका सुटल्यासारखा वाटतो.

लाईट आणि जनरेटरचा हिशेब याच वेळी करा. लाईट गेली तर लॅपटॉप आणि कंट्रोलर चालूच राहतात, फक्त स्पीकर गप्प होतात. लगेच मास्टर शून्यावर आणा. जनरेटर सुरू होऊन अँपली स्थिर झाली की पुढच्या ब्रेकडाऊनपासून हळू उघडा. मास्टर वरच राहिला तर परत येणारा झटका स्पीकरचा पडदा फाडू शकतो, आणि तो खर्च दादांच्या माथी येतो. मे महिन्यात लॅपटॉपवर सावली धरा, थेट उन्हात तो अचानक बंद पडतो.

९. फ्लोअरवर

मान वर ठेवा. स्क्रीनवर जे दिसतं ते तुम्ही घरी पाहिलेलं आहे. पुढच्या रांगेतले मित्र कशावरही नाचतील, म्हणून मागच्या रांगेकडे बघा. तिथल्यांची मान हलत असेल तर क्रम बरोबर चाललाय. मागची रांग मोबाइल काढायला लागली तर गाणं मध्येच तोडू नका, पण पुढचं गाणं ब्रेकडाऊन नसलेलं निवडा. म्हणूनच दहा गाण्यांच्या सेटला पंचवीस जवळ ठेवायची.

ब्रेकडाऊनमध्ये माइकवर ओरडू नका. लोकांना ती शांतता पूर्ण मिळू द्या.

इअरप्लग घाला. १०० डेसिबलच्या आवाजात सुरक्षित वेळ जेमतेम पंधरा मिनिटं धरतात, आणि तुम्ही तिथे तासभर उभे असता.

परवानगी दहापर्यंतची असेल तर शेवटचं गाणं ९.४५ ला सुरू झालेलं असू द्या. ते स्वतःच्या ठोक्यांवर संपू द्या, मधेच फेडर ओढू नका. आवाज पूर्ण थांबला की आधी दादांना अँपली बंद करायला सांगा, त्यानंतर मिक्सर, सगळ्यात शेवटी तुमचा कंट्रोलर. पेनड्राइव्ह इजेक्ट करूनच काढा. केबल गुंडाळताना कोपरावर पिळू नका, सैल वेटोळं करून बांधा.